पालिकेच्या दुकानातला आजीचा हंडा

‘आईचा हंडा गेला, लगेच ये,’ असा मावशीचा निरोप आला आणि मी साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या वाटेनं जाणाऱ्यांनी कराडला उतरून गरम भजी खावीत आणि पुढं आष्ट्यापर्यंत उसाच्या गाड्यांमागं रखडायची तयारी ठेवावी. मी दोन्ही केलं.

मावशी आष्ट्याची. तिचे यजमान फौजेतून हवालदार होऊन परतलेले. जवळच्या शहरात नगरपालिकेनं जुन्या वस्तूंचं दुकान काढलं होतं: टाकू नका, पुन्हा वापरा! जिथं फाटक्या लुगड्याची वाकळ होते, वाकळीचं पोतेरं होतं, तिथं ही अक्कल शिकवायला भोंग्याची गाडी गावोगाव फिरवली. काकांना भोंगा म्हणजे हुकूमच. मावशी परगावी गेलेली बघून त्यांनी माळ्यावरचा पितळी हंडा देऊन टाकला. आजीनं तो मावशीला लग्नात दिलेला, काठावर आजीचं नाव घातलेलं. आता मावशीला तो लेकीच्या रुखवतात मांडायचा होता. काका मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी शहर गाठलं. दुकान म्हणजे जुन्या जकात नाक्याची शेड. लंगड्या खुर्च्या, बिनकाचेचे कंदील आणि एक पेंगणारा कारकून. गिऱ्हाईक औषधाला नाही. भिंतीशी हंड्यांची रांग, आणि प्रत्येकाच्या काठावर ताजं कोरलेलं ‘नगरपालिका’! चोऱ्या होऊ नयेत म्हणून जुनी नावं घासून हे घातलं, असं कारकुनानं अभिमानानं सांगितलं. हा हंडा घेऊन बाई पाणवठ्यावर गेली तर लोक तिला चोर म्हणतील, मग घेणार कोण, असं मी विचारलं.

“व्हय, अजून एक बी खपला न्हाई,” तो म्हणाला.

धन्य ती पालिका! माझा संताप संताप झाला. आजीचं नावच पुसलं, आता आपला हंडा ओळखायचा कसा? मावशी मात्र काठाकडं बघतच नव्हती. एकेका हंड्याच्या पोटावरून हात फिरवत ती रांगेनं सरकत होती. एकाशी थांबली.

“ह्यो बघ पोचा. आई हिरीवर घसरली तवाचा.”

“पण मावशी, नाव?”

“आईला वाचाया कुठं येत व्हतं? ती पोचा चाचपूनच वळखायची.”

आमचाच हंडा आम्हाला विकत घ्यावा लागला. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी. परतीच्या एसटीत कंडक्टरनं काठ वाचून आमच्याकडं संशयानं बघितलं.

दुकान लवकरच बंद पडलं, ते शोधायला जाऊ नका. हंडा आता मावसबहिणीकडं कडेगावला आहे. पाहुणे काठावरचं वाचून हसतात. ती त्यांचा हात धरून पोच्यावर ठेवते आणि सांगते, “ही माझी आजी.”