शिडीची पेटी

आमच्या आतोबांनी आयुष्यात कधी जिंकणाऱ्या बाजूला पाऊल ठेवलं नाही. एकदाच ठेवलं, आणि त्याची लाज ते अजून बाळगून आहेत.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कचेरीतून पेन्शनीत निघालेले, अंगाने काटकुळे, डोक्याला काळी टोपी. पनवेलच्या बाजारात आंब्याच्या दोन पाट्यांभोवती गर्दी असली की आतोबा हटकून तिसऱ्या पाटीकडे जायचे, जिथली बाई नुसत्या माशा वारत बसलेली असे, आणि तिचे डागी आंबे पिशवीभर घेऊन यायचे. पंगतीत सगळे जिलबीची वाट बघत असताना हे वाढप्याला हाक मारून कारल्याची भाजी मागायचे, कारण ती कुणी घेत नाही. आपटा गावच्या एका लग्नाला आम्ही सगळे मोटारीने गेलो, आत्या बैलगाडीने गेली, आणि आतोबा शेतांच्या बांधावरून चालत निघाले. अक्षता पडून पानं मांडली तेव्हा ते पोचले, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. वर म्हणतात, "त्या वाटेनं कुणी जातच नाही. बुजून जाईल अशानं." आत्याचं आणि तिच्या जावेचं वाजलं तर हे मांजराची बाजू घ्यायचे. कुणी छेडलं की उत्तर ठरलेलं: "दोघांना बघणारे आहेत की. तिसऱ्याचं कोण?"

मी व्यवहारी बाई आहे. सकाळी कामांची यादी करते आणि झालेल्या कामावर काट मारते. अशा माणसाला आतोबांसारखा नातेवाईक म्हणजे पायातला काटा. त्यातून निवडणुका सुरू झाल्या आणि त्यांना जन्माचं काम मिळालं. दोन मोठे उमेदवार कितीही तोलाचे असोत, आतोबा तिसरा शोधून काढत. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी काळी टोपी घालून, पावशेर पेढे घेऊन ते अनामत जप्त झालेल्या माणसाच्या घरी जात. समाचाराला नव्हे, अभिनंदनाला. पेढा त्याच्या हातावर ठेवून म्हणत, "एक मत माझं होतं." अशा एका घरी मी त्यांच्याबरोबर गेले होते. तो गृहस्थ पेढा धरून घळाघळा रडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी आत्याला म्हटलं, यांना आवर. ती म्हणाली, "बाई गं, चार चांगली स्थळं सोडून त्यांनी मला पसंत केली होती. मी कुठल्या तोंडानं आवरू?"

नगरपालिकेच्या त्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात मोठ्या पक्षाचे एक वकीलसाहेब उभे होते आणि त्यांच्यासमोर भाताच्या गिरणीचे शेठ. शेठचं म्हणणं, आळीमागचं तळं निम्मं बुजवून तिथे दुकानांचे गाळे काढावेत. वकील म्हणत होते, तळ्याला हात लावू देणार नाही. आतोबा रोज संध्याकाळी त्या तळ्याच्या पायरीवर बसायचे, त्यामुळे यंदा तरी ते सरळ वकिलांना मत देतील असं आम्हांला वाटलं. पण तेवढ्यात तिसरा उमेदवार निघाला.

हे आमच्या आळीतले कंपाऊंडर. डॉक्टर वारल्यावर दवाखाना बंद झाला, तरी लोक त्यांना कंपाऊंडरच म्हणत. एकटा जीव, फार सज्जन, आणि बोलायला लागले की घसा बसलाच म्हणून समजावं. तळं तर राखायचंच, शिवाय त्यातला गाळही काढायचा, असा त्यांचा जाहीरनामा होता. सूचक म्हणून आतोबांनी आनंदाने सही केली. अनुमोदक मिळेना, तेव्हा आतोबा माझ्या दारात येऊन उभे राहिले. मी पापड लाटत होते. हात पुसून सही केली आणि पुन्हा लाटायला बसले.

कंपाऊंडरांना चिन्ह मिळालं शिडी. हँडबिलं छापण्यापेक्षा खरीच शिडी फिरवावी, ही कल्पना अर्थात आतोबांची. त्यांच्या घरची बांबूची शिडी एका टोकाला उमेदवार आणि दुसऱ्या टोकाला सूचक धरून आळीआळीतून नेत. आयती शिडी दारात आलेली बघून लोकांनी कौलं सारखी करून घेतली, शहाळी उतरवली, कुणी माळ्यावरची भांडी काढून घेतली. कंपाऊंडर वर आणि आतोबा खाली शिडी धरून. तळ्याकडेला राहणारा एक म्हातारा आगरी पाडलेले नारळ गोळा करता करता म्हणाला, "मत कोनाला देनार त्या नाय सांगत. पन शिडी बेस हाय." आतोबांना हा पाठिंबा वाटला. मी मात्र त्या शिडीला सामोरं जायला नको म्हणून भाजी आणायला लांबचा वळसा घालून जात होते.

मतदान जवळ आलं तशी हवा बदलली. शेठचा जोर दिसू लागला. वकील थोडक्यात पडणार असं जो तो बोलू लागला. मी एका दुपारी आतोबांना तळ्याकाठी गाठून जरा कडकच बोलले. म्हटलं, शिडीला टाकलेलं प्रत्येक मत म्हणजे तळ्यात टाकलेली एक घमेलं माती. त्यांनी "दोघांना बघणारे आहेत की" एवढं अर्धंच म्हटलं. तळ्याकडे बघत बसले.

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि आपला कागद पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत टाकायचा. निकाल लागला. वकील काठावर निवडून आले, तळं वाचलं, ताशे वाजले. आणि शिडीची पेटी उघडली तर आत काही नव्हतं. थोडं नव्हे, काहीच नाही. गावाला हसायला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याकडे गेले तर आतोबा टोपी घालून, पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन ओटीवर बसलेले. उठेनात. मला बघून म्हणाले, "मी वकिलांच्या पेटीत टाकलं गं. तळं जाईल अशी भीती वाटली. आता त्यांना काय सांगू? दर वेळी सांगतो ते आता खोटं ठरलंय, आणि ते सगळ्या गावाला ठाऊक आहे." मी समजूत घालायला लागले, की तुम्ही योग्यच केलंत, तळं वाचलं ना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी परक्या भाषेत बोलतेय.

तेवढ्यात आत्याने आतून विचारलं, "पण मग कंपाऊंडरांनी स्वतःचं मत कुठे टाकलं?"

हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला हसू फुटणार होतं. वाटलं, सुटले आतोबा, आता दोघे बरोबरीचे झाले. पण त्यांचा चेहरा आणखीच उतरला. "म्हणजे त्या माणसाला कुणीच नव्हतं," ते म्हणाले. "तो स्वतःसुद्धा नव्हता." आणि ते चपला घालून निघाले. अनुमोदक म्हणून मलाही जावं लागलं.

कंपाऊंडरांचं दार भर सकाळी लावलेलं होतं. शिडी बाहेर भिंतीला टेकलेली. आतोबांनी कडी वाजवली तसा आतून बसक्या घशाचा आवाज आला, "आतोबा, आज नको. तुम्ही नाव सुचवलंत आणि मीच..."

"तळ्यासाठी?" आतोबांनी दाराला तोंड लावून विचारलं.

"तळ्यासाठी."

"मीही."

दार उघडलं. दोघे एकमेकांच्या पायांकडे बघत उभे राहिले. आतोबांनी पुडा सोडला, कंपाऊंडरांनी पेढा घेतला, आणि 'एक मत माझं होतं' या वाक्याच्या जागी काय म्हणायचं ते दोघांनाही सुचेना. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मीही तळ्यासाठीच," मी म्हटलं.

हे खरं नव्हतं. मी वकिलांना मत दिलं होतं, पण मला तळं आठवलंसुद्धा नव्हतं. मोठ्या पक्षाला मत द्यायचं, हे माझ्या यादीतलं काट मारायचं काम होतं. घरी आमटीला फोडणी द्यायची होती. शिडीची पेटी तिथे होती, तिच्यावर मी अनुमोदन दिलेल्या माणसाचं चिन्ह होतं, आणि ती खरोखरची पेटी आहे, तिच्यात कागद टाकता येतो, असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं. त्या दोघांनी लाज धरली ती कशासाठी तरी. माझ्याजवळ तेवढंही नव्हतं. आणि ते मात्र माझा हात धरून मला आत घेऊन गेले, चहा टाकला, पहिला कप मला दिला.

आता निवडणुकीत सगळे कागद एकाच पेटीत पडतात. कुणाची पेटी रिकामी, ते कळायची सोय राहिली नाही. ही सुधारणा आतोबांना फार पसंत आहे. पेढे घेऊन ते अजून जातात, पण हल्ली पेढा नुसताच हातावर ठेवतात. बोलत नाहीत. शिडी आत्याच्या पडवीत आडवी पडून आहे आणि नारळ उतरवायला ते शेजारची मागून आणतात.

तळ्यात गाळ साठत चालला आहे. कंपाऊंडर आणि आतोबा संध्याकाळी पायरीवर बसतात, आणि मी भाजी घेऊन तिथून जाताना दिसले की हाक मारतात. कंपाऊंडर मोठ्या अभिमानाने कुणाला तरी सांगत असतात, "तळं आम्ही तिघांनी राखलं." मी म्हणते, कामं आहेत, यादी मोठी आहे. पण आतोबा तोवर सरकलेले असतात. पायरीवर हाताने धूळ झटकून त्यांनी तिसऱ्याची जागा केलेली असते, आणि मी पिशवी मांडीवर घेऊन तिथे बसते.