मधूचं घमेलं

चिंधू खालापूरच्या आमच्या कचेरीत याआधी एकदाच आला होता, मुलीच्या दाखल्यासाठी. त्यामुळे आषाढातल्या त्या दुपारी तो दारात दिसला तेव्हा मी हसून म्हणालो, "या पाटील, आता कसला दाखला?" एरवी त्यानं मला चार शब्द ऐकवले असते. तो नुसता बाकावर येऊन बसला. इरल्याखालीही केस भिजले होते. "मधू गेला रं," तो म्हणाला. "सकाळच्याला छातीत कळ आली नं... गेला." मी हातातला शिक्का ठेवला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसलो. मधू बेचाळीस वर्षांचा होता.

मधू, चिंधू, दत्ता आणि मी, असा आमचा चौघांचा वाद्यवृंद होता. नाव 'रूळ आणि रान', तेही मधूनंच ठेवलेलं. रूळ त्याच्याकडचे. वडील कर्जतला रेल्वेत फिटर, पुढे तोही फिटरच झाला. शेजारच्या क्वार्टरमध्ये गोव्याकडचे एक गार्ड राहायचे, त्यांच्याकडून तो गिटार शिकला. दत्ताचं खालापुरात शिलाईचं दुकान. घराण्यात तीन पिढ्या भजनातली पेटी. रान चिंधूचं. ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतला तो ठाकर, आणि त्याच्या ढोलाला ना गिटारची गरज होती ना पेटीची. मी कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या बाजूचा, भातशेती करणाऱ्या घरातला पहिला पदवीधर. मला वाद्य कुठलंच येत नव्हतं. मी गाणी लिहायचो आणि झांज वाजवत मागे गायचो.

माझी पहिली गाणी आठवली की आजही मान खाली जाते. 'हे वनदेवते' अशी सुरुवात असायची. मधूनं वही परत दिली आणि विचारलं, "तुझ्या घरात असं कोण बोलतं रं?" मला राग आला. शिकून मी जे मिळवलं होतं तेच तो नाकारतोय असं वाटलं. पण लावणीच्या वेळी आई बांधावर बसून भाकरी खाता खाता गुणगुणत होती, तिच्या चालीवर मी चार ओळी बसवल्या. 'घाट चढते गाडी माझी, मागून कोण गं ढकलितं...' मधूनं त्या ऐकल्या आणि गिटार उचलली, एवढंच. आई पुढे आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायची. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण माझं लिहिलेलं तिला पाठ होतं. हे मला मधूनं दिलं.

आता त्या ढोलाबद्दल सांगायला हवं. तो चिंधूचा नव्हता, साऱ्या वाडीचा होता. चिंधूच्या आज्यानं कोरलेलं खोड, दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं, दोरीनं आवळलेलं. वाडीतले जाणते बुधाजीबाबा तो खाली न्यायला परवानगी देत, पण एका अटीवर: गौरी यायच्या आदल्या दिवशी ढोल वाडीत परत आला पाहिजे. नाही आला तर चिंधूनं पुन्हा ढोलाला हात लावायचा नाही. गौरीत वाडी त्याच ढोलावर नाचते.

ढोल वाजवायच्या आधी शेकावा लागे. पावसाळी हवेत कातडं मऊ पडतं, आवाज बसतो. चिंधू गवत पेटवून अर्धा तास ढोल फिरवत बसायचा आणि आम्ही खोळंबायचो. मधूला ते सहन होत नसे. "ही काय पद्धत झाली? लोक उठून जातात!" एका श्रावणात चिंधूनं ढोल सरावासाठी मधूच्या घरी ठेवला, तेव्हा मधूनं दोन दिवस खपून दोऱ्या काढल्या आणि लोखंडी हुक बसवले. पाना फिरवला की कातडं आवळलं, शेकायला नको. भर पावसात ढोल असा काही वाजला की आम्ही टाळ्या पिटल्या. चिंधूही हसला. "फिटरानं आमचा ढोल पन गाडीला जोडला!"

गौरीला दोन दिवस होते. सकाळी लख्ख ऊन पडलं, ढोल खिडकीशी होता. ओलं असताना आवळलेलं कातडं वाळलं, आक्रसलं आणि मधोमध फाटलं. आम्ही पोचलो तेव्हा मधू जमिनीवर ढोलासमोर बसला होता. चिंधूनं फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "आता माजं काय रं?" एवढंच म्हणाला. दत्तानं सुचवलं, कुठून तरी दुसरा ढोल आणू, लांबून कुणाला कळणार आहे? मधू उठला. "मी येतो वर. मीच सांगतो."

त्यानं ढोल खांद्यावर घेतला. रुळांच्या कडेनं चढत आम्ही वाडीत गेलो. बाबांनी ढोल मांडीवर घेतला, हुक चाचपले. मधूनं सगळं सांगितलं, चिंधूचा काही दोष नाही हेही दोनदा सांगितलं. बाबांनी फाटलेलं कातडं बोटांनी दाबून पाहिलं. मग म्हणाले, "कातडं आखडतं, ढिलं पडतं. दोरी त्याच्यासंगं हालते. तुजं लोखंड हालत नाय रं पोरा." आणि चिंधूकडे वळून, "कणगीमागं कातडं हाय, झऱ्यात भिजत घाल. हा फाडणारा हितंच ऱ्हाईल."

मधू राहिला. कामावर खाडा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं कातडं चढवलं, दोऱ्या ओवल्या आणि मग दिवसभर तो निखाऱ्यांपुढे ढोल फिरवत बसला. जरा भरभर फिरवला की बाबा काठीनं त्याच्या गुडघ्यावर टकटक करत. बायका जाता-येता हसत होत्या, "जावाय बसलाय जनू!" ऊन उतरताना बाबांनी थाप मारली. डोंगराकडून आवाज परत आला. त्यांनी ढोल चिंधूच्या हाती दिला आणि मधूला म्हणाले, "फुडच्या गौरीला तुजा तो भोपळा पन आन." गिटारला ते शेवटपर्यंत भोपळाच म्हणत.

त्यानंतर मधू प्रत्येक कार्यक्रमाला एक घमेलं घेऊन यायचा. वाजवायच्या आधी तो स्वतः निखारे करून ढोल शेकायचा. शाळेच्या हॉलमध्ये धूर नको म्हणाले तर पटांगणात बसायचा, आणि लोक खोळंबायच्या ऐवजी भोवती गोळा व्हायचे. आमच्या कार्यक्रमाची सुरुवात तिथूनच होऊ लागली. मी मात्र चार हात लांब उभा असायचो. पांढऱ्या सदऱ्याला काजळी लागेल म्हणून... खरं सांगायचं तर शिकलेला माणूस धुरात बसलेला दिसू नये म्हणून.

तेराव्यानंतर मधूच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, ते घमेलं माझ्यापुढे ठेवलं. तळाशी शेवटच्या कार्यक्रमाची राख होती. "गौरी येतील आता," त्या म्हणाल्या. "वर न्याल ना?"

गेल्या आठवड्यात आम्ही वाडीत होतो. बुधाजीबाबा आता नाहीत, पण अट आहे. ढोल आदल्या दिवशीच पोचला होता. दत्तानं पेटी आणली, वहिनींनी भोपळा. चिंधूनं घमेल्यात निखारे भरले आणि माझ्याकडे पाहिलं. मी बसलो, ढोल फिरवू लागलो. थोड्या वेळानं गुडघ्यावर टकटक झाली.

"सावकाश रं, सायेब," चिंधू म्हणाला. "मधू पन पयल्यांदा असाच घाई करत व्हता."

मी हात सावकाश केला. कातडं हळूहळू तापत गेलं. सदऱ्याच्या बाहीला लागलेली काजळी अजून गेलेली नाही, आणि वाडीत ढोलाखालच्या खुंटीला आता ते घमेलं टांगलेलं आहे.