रोमच्या खांबांना सोनेरी रंग

सासऱ्यांचं दीडदोनशे वर्षांचं जुनं पुस्तक मी कात्रीने कापलं, तेही गणपतीच्या मखरासाठी. वर स्वतःवर खूशही झाले.

सासरे चित्रकलेचे शिक्षक. ते जाडजूड पुस्तक त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलेलं. आत जुन्या रोममधल्या पडक्या इमारतींची चित्रं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. दुपारचं जेवण झालं की भिंग घेऊन एकेक पान बघत बसायचे. मोतीबिंदू वाढला तसं भिंगही चालेना, तरी पुस्तक मांडीवर असायचंच. शेवटी ऑपरेशनसाठी नणंदेकडे गेले. जाताना म्हणाले, "परत आलो की पहिल्या पानापासून बघणार."

इकडे खांदा कॉलनीत घरगुती सजावटीची स्पर्धा जाहीर झाली आणि माझ्या डोक्यात रोम शिरलं. दोन पानं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मग लक्षात आलं, अरे, हे तर सगळं मोडकं! देवामागे भंगलेलं कसं चालेल? झालं, गेटला लावून उरलेला सोनेरी ऑइलपेंट काढला आणि तुटक्या खांबांना नीट डोकी बसवून दिली. कमानींची भगदाडंही बुजवली. रोमवाल्यांना इतकी वर्षं जमलं नाही, ते या बयेने एका दुपारी उरकलं!

नवरा म्हणाला, "बाबांना विचारलंस?"

"देवाचं काम आहे. ते काय बोलणार?"

शेजारणीने विचारलं, "हे देऊळ कुठलं हो वहिनी?"

"हंपीचं," मी ठोकून दिलं.

बक्षिसाचा स्टीलचा डबा मिळाला. त्यात अजून साखर भरते, आणि झाकण जरा जोरातच लावते.

गौरी आल्या त्या दिवशी सासरे परतले. काळा चष्मा काढून मखरासमोर उभे राहिले. ओरडतील म्हणून 'देवाचं काम' मी जिभेवर तयार ठेवलं होतं. ते पुढे वाकले. सोनेरी रंग नखाने हळूच खरवडून पाहिला. रंगाबरोबर कागदही सुटायला लागला, तसा त्यांनी हात मागे घेतला. मी नैवेद्याचं ताट घेऊन दारातच.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, जरा इकडे ये. हा खांब मुळात कुठपर्यंत होता, तेवढं बोटाने दाखव. दोन वर्षं सगळं धुरकटच दिसत होतं, मला आता आठवत नाही."