जबडा एकाचा, जबाब दुसऱ्याचा

"एक इंजेक्शन मारा, डॉक्टर. उद्या वेरूळला मोठा ग्रुप आहे. त्याला बोलावंच लागतं."

हे सांगत होते रशीदभाई. दुखत होतं त्यांच्या धाकट्या भावाला, फैयाजला. तो खुर्चीत गप्प बसला होता. रशीदभाईंची ट्रॅव्हल एजन्सी, फैयाज तिथला गाइड. दिवसभर लेण्यांत मोठ्यानं बोलायचं, हेच त्याचं काम. कानशिलं ठणकायची. डोकेदुखीच्या गोळ्या झाल्या, चष्म्याचा नंबर तपासून झाला, शेवटी छावणीतल्या माझ्या दातांच्या क्लिनिकमध्ये आले.

मी त्याच्या कानांपुढं बोटं ठेवली आणि तोंड उघडायला लावलं. कट्ट आवाज आला. तिथं जबड्याचा सांधा असतो. सांध्यात छोटी गादी असते, ती जागची सरकली की असा आवाज येतो. जबडा आवळणारे स्नायूही दुखायला लागतात. त्यातला एक थेट कानशिलावर पसरलेला असतो, म्हणून डोकं धरतं.

दाढा घासून सपाट झालेल्या दिसल्या. मी फैयाजला विचारलं, "झोपेत दात खाता का?"

"नाही हो," रशीदभाई म्हणाले.

"मी त्यांना विचारतेय."

फैयाजनं भावाकडं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

मी सांगितलं, मऊ जेवण, गरम शेक, रात्री दातांवर घालायला स्प्लिंट, म्हणजे प्लास्टिकची पट्टी. आणि काही दिवस गाइडचं काम पूर्ण बंद.

"ऐन सीझनमध्ये दुसरा गाइड कुठून आणू? तुम्ही इंजेक्शन मारा ना."

"जागा बधिर केली तर दुखणं कळणार नाही. ते बोलत राहतील आणि सांधा आणखी बिघडेल."

स्प्लिंटचं मापही न देता दोघं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. फैयाजच्या तोंडावर टॉवेल. तो काढला तर तोंड उघडंच, मिटेना. लाळ गळत होती. मागं राहिलेल्या लोकांना ओरडून बोलावताना जबडा खोबणीतून निसटला होता. काहींनी मोबाइलवर व्हिडिओ काढले म्हणे.

"कधी झालं?"

"सकाळीच," रशीदभाई म्हणाले. "ग्रुपला जेवायला सोडलं अन् लगेच आलो."

म्हणजे आधी ग्रुपचं जेवण, मग भावाचा जबडा. अंगठ्यांना गॉझची पट्टी गुंडाळली, ते खालच्या दाढांवर ठेवले, जबडा खाली दाबून मागं ढकलला. जबडा बसला. फैयाजच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"परवापर्यंत होईल ना बरा?" रशीदभाईंनी विचारलं.

"तुम्ही बाहेर बसा."

"मी मोठा भाऊ आहे त्याचा."

"म्हणूनच सांगतेय. बाहेर."

दार लावलं. फैयाज ओठ न हलवल्यासारखं बोलला, "खातो मॅडम, दात. बायको आवाजानं उठून बसते. भाईजानसमोर बोललो तर म्हणतात, काम टाळायचे बहाणे करतो."

मी बाहेर जाऊन एवढंच सांगितलं, "पुन्हा जबडा निसटला तर दुसऱ्या डॉक्टरकडं न्या. मी बसवणार नाही." ते खरं नव्हतं, बसवलाच असता. पण राग खरा होता.

रशीदभाईंनी माझ्यासमोरच फोन लावला. एकाच फोनमध्ये परवाच्या ग्रुपसाठी दुसरा गाइड ठरला.

स्प्लिंट लावल्यावर फैयाजची डोकेदुखी हळूहळू कमी झाली. सांध्याचा आवाज मात्र अजून येतो. आता तो लहान ग्रुप घेतो, गळ्यात माइक अडकवून.

आणि मी तपासताना सोबतच्या माणसाला बाहेर बसवते. काहींना राग येतो. येऊ दे.