निळ्या रंगाची राख

इथे परदेशात, ओंगारला, आमच्या शेजारी एक इराणी कुंभार राहायचे. साठीच्या पुढचे, म्हणून मी त्यांना काकाच म्हणायचे. परसात एक लाकडी शेड, त्यात चाक आणि विजेवरची भट्टी. ते आणि त्यांची मुलगी, एवढाच त्यांचा कारखाना. भांडी मुलगी घडवायची, आणि काय सुरेख घडवायची! पण त्यावरचा निळा लेप फक्त काका करणार. गारगोटीची पूड, थोडी तांब्याची भुकटी आणि त्यांच्याकडच्या वाळवंटातल्या एका झुडपाची राख. ती राख त्यांचा भाऊ गावी स्वतः जाळून पाठवायचा. प्रमाण कुठे लिहिलेलं नाही, आणि मुलीला हात लावायची बंदी. "राख शिकण्यात वाया घालवायची नसते," म्हणायचे.

२०२० च्या शेवटी तो भाऊ करोनानं गेला. काकांना जाता आलं नाही. त्यानं पाठवलेली झुडपाची राख उरली फक्त पत्र्याचा एक डबा. शेड गळायला लागली तेव्हा काकांनी तो डबा आमच्याकडे ठेवायला दिला. मी तो मागच्या खोलीतल्या प्रेसमध्ये ठेवला. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, मलाही आता तीच सवय लागलीय. आईला मात्र सांगायचं राहिलं. गाढवपणा माझाच.

आई यवतमाळहून तीन महिन्यांसाठी आलेली, लॉकडाऊनमध्ये वर्षभर अडकली होती. इथल्या भांडी घासायच्या साबणावर तिचा पहिल्या दिवसापासून राग. त्यात चिंच संपलेली आणि देवाची पितळी भांडी काळी पडलेली. एका सकाळी मी मीटिंग संपवून खाली आले तर ओट्यावर समई, ताम्हण, घंटी, सगळं लखलखत होतं. एवढंच काय, माझी कढईसुद्धा.

"लय जोरदार राख आहे वं तुह्या घरी," आई हात फुंकत म्हणाली. "हाताची आग झाली नुसती."

मी प्रेसकडे धावले. डबा उघडला. तळाशी दोन मुठी.

मी आईवर नको तेवढी ओरडले. "राख त राखच असते ना बाप्पा! मले काय मालूम?" म्हणाली आणि रडायला लागली. मग मला स्वतःचीच लाज वाटली. तिनं काय वेगळं केलं होतं? आयुष्यभर राखेनंच भांडी घासली तिनं.

आम्ही दोघी मास्क लावून शेजारी गेलो. मी सगळं खरं सांगितलं. काकांनी डब्यात पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ही भावानं शेवटची जाळलेली." आई हात जोडून उभीच होती.

मग त्यांनी मुलीला हाक मारली. "ये. आता जपण्यासारखं काही राहिलं नाही. शिकून घे."

आम्ही निघालो तर त्यांनी आईला थांबवलं, स्टूल दिलं. शेडचं दार उघडं ठेवून आम्ही दाराशी बसलो. मुलगी राख चाळत होती, पूड मिसळत होती. काका हात मागे बांधून उभे, बोटं सारखी वळवळत होती. मधेच तिनं विचारलं, "बास?" काका म्हणाले, "तू सांग." तिनं आणखी चिमूटभर राख टाकली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

लेप पुरला तीन वाडग्यांना. भट्टी थंड झाली त्या दिवशी आई माझ्याआधी शेडपाशी हजर. दोन वाडग्यांवर लेप ओघळला होता, डाग पडले होते. काकांनी तोंड वाकडं करून ते बाजूला ठेवले. तिसरा मात्र काठापासून तळापर्यंत निळाभोर. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि आमच्यासमोर ढसाढसा रडले. मुलगी घाबरली, "चुकलं का?" म्हणाली.

"नाही गं," काका म्हणाले. "माझ्या भावानं पाहायला हवं होतं."