तिसरी बुडी

आमचे दाजी, व्हर्ल सोरेन्सन, गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. घरच्या टर्की पक्ष्यांचं खाद्य विकायला येणाऱ्या बाईशी त्यांचं जमलं, चार महिने चाललं, आणि मग स्वतःच बिशपपुढे जाऊन सगळं कबूल केलं. वडीलधाऱ्यांची सभा बसली, चर्चमधून त्यांचं नाव काढलं. आमच्या इफ्राइम गावात बातमी पसरायला दुपारही लागली नाही.

माझ्या थोरल्या बहिणीने, नेड्राने, घटस्फोट घेतला नाही. त्यांचं अंथरूण तळघरात टाकलं. सात वर्षं जेवायला वाढलं, पण अंगाला हात लावू दिला नाही.

मी म्हणायचे, "हाकलून दे की मेल्याला!"

"गप गं. टर्क्यांना खाद्य कोण घालणार, तू?"

दाजी दर रविवारी चर्चला यायचे. नाव काढलेल्याला तिथली पवित्र भाकर घेता येत नाही. तबक आलं की ते तसंच शेजाऱ्याकडे सरकवायचे, आणि सगळा गाव टकमक बघायचा. खरं सांगते, सुरुवातीला मला बरं वाटायचं. चौथ्या वर्षी मात्र बघवेना.

या मार्चमध्ये दाजींना पुन्हा बाप्तिस्मा घेऊन चर्चमध्ये परतायची परवानगी मिळाली. माणूस पूर्ण पाण्याखाली गेला की नाही, हे बघायला दोन साक्षीदार लागतात. जरासं काही वर राहिलं तरी पुन्हा बुडवायचं. एक माझा नवरा होता. दुसरं कोण, तर दाजींनी नेड्राला विचारलं.

"मी खोटं सांगणार नाही हं," ती म्हणाली.

"म्हणून तर तुला विचारतोय."

शनिवारी दाजी पांढऱ्या कपड्यांत चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या हौदात उतरले. बिशप किम्बर शिडशिडीत, दाजी सव्वाशे किलोचे, त्यात डावा गुडघा वाकत नाही. बिशपांनी त्यांना मागे झुकवून बुडवलं, तसा पाय वर आला.

"अंगठा बाहेर होता," नेड्रा म्हणाली.

दुसऱ्यांदा बुडवलं.

"टाच."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटलं, ही सात वर्षांचा सूड उगवतेय, आणि तिचा भयंकर राग आला. पण माझ्या नवऱ्यानेही मान हलवली. टाच खरंच बाहेर होती.

दाजी धापा टाकत म्हणाले, "राहू दे, नेड्रा. माझ्या नशिबातच नाही."

"नशिबाला काय धाड भरलीय? पाय ताठ आहे तुझा."

तिने बूट काढले आणि चर्चला घालायच्या निळ्या झग्यानिशी पायऱ्या उतरली. बिशप गडबडले. "सिस्टर सोरेन्सन, असं कधी कुणी..."

"बंदी आहे का?"

बंदी नव्हती. कमरेएवढ्या पाण्यात तिने दोन्ही हातांनी तो गुडघा दाबून धरला. "हं, आता."

दाजी वर आले तेव्हा मला हुंदका आवरेना.

"पूर्ण गेला," नेड्राने साक्ष दिली.

तोल जाऊ नये म्हणून दाजींनी तिचा खांदा धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. तिने तो हात उचलून परत आपल्या खांद्यावर ठेवला.

"धर. पायऱ्या निसरड्या आहेत."