मातीची पिशवी पुण्याहून तशीच परत आली

गेल्या सोमवारी फलटणजवळच्या आमच्या गावी एसटीतून उतरले आणि चौकात मला मीच दिसले... दहा फुटी फ्लेक्सवर. साठी उलटलेल्या बाईचा फोटो चौकात दिसला की लोक आधी हार घातलाय का ते बघतात. मीही बघितलं. नव्हता.

मधोमध माझी भाची ऋतुजा. 'पुण्यातील नामांकित महाविद्यालयात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' कोपऱ्यात गोल चौकटीत मी, खाली लिहिलेलं 'मार्गदर्शक'.

ऋतुजाचा बाप संपत माझा चुलतभाऊ. फौजेतून सुभेदार होऊन आला, आता ऊस करतो. यादीत पोरीचं नाव लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने फ्लेक्स लावला. प्रवेश अजून घ्यायचा होता, शुक्रवारपर्यंत मुदत होती. पण आमच्याकडे आधी फ्लेक्स लागतो, बाकीचं नंतर.

मार्गदर्शक मी खरीच होते. साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात ॲडमिशनच्या खिडकीमागे तीस वर्षं काढली आहेत. फॉर्ममध्ये पुण्याचं नाव पहिलं टाकायला मीच लावलं. सांगलीकडच्या एका छोट्या विद्यापीठाचा वेगळा फॉर्म ऋतुजाने मला न विचारता भरला होता... तिथेही तिचं नाव लागलं होतं, पण मी तिकडे लक्षही दिलं नव्हतं.

त्याआधीच्या आठवड्यात आम्ही दोघी पुण्याचं कॉलेज बघून आलो होतो. गेटवर रजिस्टर, आत काउंटर, काउंटरवर एक मुलगी. "वेबसाइटवर सगळं आहे मॅडम." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. समोरचा माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे बघावं, हे आमच्या सिस्टरनी आम्हाला पहिलीत शिकवलं होतं. ही मोबाइलकडे बघत होती. तिला इंग्रजीत जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

ऋतुजाच्या पर्समध्ये मातीची एक पिशवी होती. त्यांचं खालचं रान चार-पाच वर्षांत पांढरं पडत चाललंय, ऊस गुडघ्याच्या वर येत नाही. तिला भूगर्भशास्त्र घ्यायचंय ते या मातीपायी. कुणाला तरी ती दाखवायची होती... पण डिपार्टमेंटच्या दारातच 'ॲडमिशन झाल्यावर या' म्हणून सांगितलं. पिशवीची गाठही न सोडता परत आलो.

आणि तरीही मी म्हणत होते, पुणेच. नाव मोठं आहे.

सोमवारी घरी गेल्यावर ऋतुजाने चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "आत्या, मला सांगलीला जायचंय. पण आता फ्लेक्स लागलाय." रडली नाही. रडली असती तर मी सरळ दटावलं असतं.

म्हटलं, चल, बघून येऊ. डोक्यातलं खूळ तरी जाईल.

मंगळवारी गेलो. इमारत साधी, होस्टेलच्या भिंतीला ओल, कँटीन म्हणजे चार टेबलं. माझी मनातली यादी वाढत होती. डिपार्टमेंटमध्ये एक सर बाह्या दुमडून बेसिनवर काचेची भांडी धूत होते. स्वतः.

"कुठली गं तू?"

ऋतुजाने पिशवी काढली. सरांनी हात पुसले, गाठ सोडली, माती तळहातावर पसरली.

"रानाला पाणी कोण देतं?"

"वडील."

"पाटाने की ठिबकने?"

"पाटाने. भरपूर."

"मग त्यांनापण ॲडमिशन घ्यायला सांग."

ती हसली. मग सेकंड इयरच्या एका मुलीने तिला हाताशी घेतलं. दोघींनी माती पाण्यात ढवळली, त्यात कसलंसं यंत्र बुडवलं, आकडे लिहिले... दोन तास. मला एक स्टूल दिलं आणि सगळे विसरून गेले.

तीस वर्षं मी खिडकीतून फॉर्म घेतले. फॉर्म दिलेलं मूल पुढे आत जाऊन काय करतं, हे मी त्या स्टूलवर बसून पहिल्यांदा पाहिलं.

घरी संपत वाटच बघत होता. "आवं आक्का, फ्लेक्स लागलाय चौकात! पुणं सोडून सांगलीला कोण जातंय व्हय? गाव काय म्हनंल?"

"गाव बसणार आहे का वर्गात?"

"तुमीच म्हनला हुता न्हवं, पुणंच म्हनून!"

म्हणाले होते. चुकले. हा शब्द मला सहसा सापडत नाही, त्या दिवशी सापडला.

त्याला ते पचायच्या आत ऋतुजाने पाण्याचा विषय काढला... जास्त पाण्याने खालचे क्षार वर येतात, म्हणून रान पांढरं पडतंय, असं सर म्हणाले. संपतच्या मिशा ताठ झाल्या. "मला पानी द्यायला शिकिवतो व्हय त्यो मास्तर? नंबर दे त्याचा!"

फोन लावून अर्धा तास अंगणात फेऱ्या मारत भांडला. मग आवाज खाली आला... मग खुणेने पेन मागितलं. फोन ठेवल्यावर आमच्याकडे न बघता म्हणाला, "माणूस लय ताठ हाय. पर इचारतोय बराबर. रान बघाया येतो म्हनला."

शुक्रवारी सांगलीत प्रवेश घेतला. त्या सरांचे आभार मानायचे राहूनच गेले, ते इथे मानते. ते फेसबुकवर नसणारच, भांडी धूत असतील.

फ्लेक्स संपतने स्वतः उतरवला. आता गोठ्यामागे वैरणीच्या गंजीवर टाकलाय. नेमका माझा चेहरा वर आलाय.

"उलटा टाकू का, आक्का?"

म्हटलं, राहू दे. मार्गदर्शनापेक्षा वैरण झाकायला बरी आहे मी.